शौक, छंद आणि डॉ. सलीम अली

पालकसभेत आम्हा शिक्षकांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : "पोरगं हुशार आहे, पण नको त्या शौकात वेळ घालवतं. तुम्हीच सांगा त्याला." नको ते शौक कोणते, असे विचारले तर कुणी पतंगाचे नाव घेते, कुणी कबुतरांचे, कुणी मोटारसायकलींची चित्रे कापून वहीत चिकटवण्याचे. मोबाइलचे नाव शेवटी येते, कारण तो घरात सगळ्यांच्याच हातात असतो.

उर्दूत 'शौक' म्हणजे मनापासूनची ओढ. मराठीत येता येता या शब्दाला उधळपट्टीचा वास लागला. पण मराठीने दोन चांगले शब्द दिले आहेत : छंद आणि नाद. छंद माणसाला घडवतो, नाद माणसाला ओढत नेतो. आपल्या मुलाला यातले काय लागले आहे, हे ओळखायचे कसे? डॉ. सलीम अली यांच्या आयुष्याकडे पाहिले तर याचे उत्तर बरेचसे सापडते.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. वडील आणि आई दोघांचेही छत्र फार लवकर हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या भावंडांना वाढवले. मामा शिकारी होते. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली आणि पोरगा चिमण्या टिपू लागला. दहा वर्षांच्या आसपास असताना त्याने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. "ही कुठली?" असे त्याने मामांना विचारले. मामांना उत्तर ठाऊक नव्हते. पण "गप्प बैस, अभ्यास कर" असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेबांच्या नावे चिठ्ठी देऊन मुलाला तिकडे पाठवले. साहेबांनी चिमणी ओळखली आणि संस्थेतला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. पुढचे सारे या एका चिठ्ठीतून उगवले.

हा मुलगा शाळेत काही चमकला नाही. गणिताने तर त्याला रडवले. कॉलेज अर्धवट सोडून तो ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या धंद्यात गेला. तिथे धंद्यापेक्षा जंगलात अधिक रमला. तिथेच त्याला दुसरा शौक जडला, तो मोटारसायकलींचा. पुढे हार्ले-डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट, सनबीम अशा किती तरी गाड्या त्यांनी वापरल्या. 1950 साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षीशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपली सनबीम बोटीतून युरोपात नेली आणि तिच्यावरून भटकंती केली. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते! शिकार, पक्षी, यंत्रे, भटकंती, लेखन असे सगळे एकाच माणसात नांदत होते.

छंदाने पोट भरले का, हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो आणि तो रास्तही आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना गाइडची नोकरी मिळाली होती. रजा घेऊन ते जर्मनीत पक्षीशास्त्र शिकायला गेले आणि 1930 साली परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते रोज तासन्‌तास बसून पाहत राहिले आणि पाहिलेले वहीत उतरवत राहिले. आपण 'सुगरण' म्हणतो, पण घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की मादी येऊन पाहणी करते. तिला पसंत पडले तरच ते पुरे होते आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो. हे बारकावे त्यांनी जगापुढे मांडले आणि त्यांचे नाव झाले. बेकारीतले ते दिवस वाया गेले नाहीत.

यात पत्नी तेहमिना यांचा वाटा मोठा आहे. सुखवस्तू घरातली ही बाई पक्ष्यांच्या मोहिमांत पतीबरोबर तंबूत राहिली. 1939 साली एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. खचलेल्या भावाला मग बहिणीने आणि मेहुण्यांनी घरात ठेवून घेतले. 1941 साली 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' प्रसिद्ध झाले, 1976 साली पद्मविभूषण मिळाले. 20 जून 1987 रोजी ते गेले, तोवर पक्ष्यांचे वेड सुटले नव्हते.

आता ओळखायचे कसे, ते पाहू. छंदाबरोबर प्रश्न येतात, मुलगा विचारतो, शोधतो, लिहितो. नादात प्रश्न नसतो, फक्त "आणखी थोडा वेळ" असते. छंदात हात, डोळे, पाय कामाला लागतात. छंद माणसे जोडतो, नाद माणसाला कोपऱ्यात बसवतो. आणि छंद नमाज, अभ्यास, घरची कामे यांना गिळत नाही. ज्याचा शौक हे सगळे गिळतो, त्याला आवरलेच पाहिजे.

प्रेषित (सल्ल.) यांनी आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत बहुतेक लोक तोट्यात राहतात, असे बजावले आहे. फुरसतीचाही हिशेब आहे. पण त्याच प्रेषितांनी (सल्ल.) अबू उमैर या लहानग्याचा पाळलेला पक्षी गेला, तेव्हा त्याच्याजवळ त्या पक्ष्याची प्रेमाने विचारपूस केली, हेही हदीसमध्ये आले आहे. आणि सूरह अल-मुल्कमध्ये अल्लाहने पंख पसरून उडणाऱ्या पक्ष्यांकडे आपले लक्ष वेधले आहे. मुलाच्या चिमुकल्या आवडीला तुच्छ मानणे ही आपली शिकवण नव्हे.

कुणी म्हणेल, ते मुंबईचे मोठे घराणे, आपण मनमाडकर. कुणी रेल्वेत, कुणी कारखान्यात, कुणी हातगाडीवर. खरे आहे, आम्ही ते नाकारत नाही. मोटारसायकल आणि जर्मनी सगळ्यांच्या नशिबी नसते. पण किहीममध्ये कामाला आले ते डोळे, वही आणि सबुरी. ती विकत घ्यावी लागत नाहीत. अंकाई-टंकाईचे किल्ले आपल्या उशाशी आहेत. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर, जिथे गोदावरी आणि कादवा भेटतात, तिथे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. 2020 साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातले ते पहिलेच. मनमाडहून निफाडपर्यंत रेल्वे आहे. एका रविवारी मुलांना घेऊन जा. आणि हो, मुलींनाही न्या. भावाला मैदान आणि बहिणीला फक्त भांडी, हा हिशेब बरोबर नाही. घरातल्या अम्मीलाही आठवड्यातला एखादा तास तिच्या भरतकामाला, वाचनाला, कुंड्यांना मिळू द्या.

मुलाच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याला यायलाच हवे असे नाही. मामा अमिरुद्दीन यांनाही आले नव्हते. ज्याला येते त्याच्याकडे मुलाला पाठवणे, एवढे आपल्या हाती आहे. या महिन्यात घरात एक कोरी वही आणा, तिच्यावर मुलाचे नाव घाला आणि त्याला जे आवडते ते त्यात लिहायला सांगा. महिनाअखेर ती वही त्याच्याशेजारी बसून वाचा. मार्कांविषयी त्या दिवशी बोलू नका.