प्रयोग कुणाच्या भिंतीवर?

नवं माध्यम वापरताना चित्र बिघडलं, की आपण लगेच म्हणतो, "उगाच प्रयोग करायला गेला!" मला नाही पटत हे. लिओनार्दोचंच बघा ना. ओल्या गिलाव्यावर घाईघाईने रंगवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. म्हणून मिलानमधलं 'लास्ट सपर' (१४९५-९८) त्याने कोरड्या भिंतीवर, टेम्परा आणि तेल वापरून रंगवलं. १५१७ सालीच ते खराब होऊ लागल्याची नोंद आहे, म्हणजे बुवा हयात असतानाच! पण चित्र त्याचं, जोखीमही त्याचीच. (पैसे ड्यूकचे होते, ते सोडा.)

मला राग येतो तो अजिंठ्यावरून. मातीच्या गिलाव्यावर शतकानुशतकं टिकलेली ती चित्रं. त्यांचे सुटलेले पोपडे बसवायला निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले. पोपडे त्यांनी बसवले, ते उत्तमच झालं. पण वरून लाखेचं व्हार्निशही फासलं. ते पिवळं-तपकिरी पडत गेलं, आणि पुढे पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षं ते उतरवत बसावं लागलं. हेतू चांगला होता, मान्य. पण आधी एखाद्या कोपऱ्यात लावून चार-पाच पावसाळे वाट बघता आली नसती का?