फॉर्म यंत्राने भरला, सही कुणाची?

गेल्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शाळेत मी तिला उर्दू शिकवायचो. आता ती औरंगाबादच्या हिमरू शाली ऑनलाइन विकते. अमेरिकेची ऑर्डर आली होती. "सर, कस्टमचा फॉर्म हल्ली एआय भरून देतं. फोटो आणि माहिती टाकली की झालं. तुम्ही फक्त इंग्रजी बघा."

इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. मालाचं वर्णन, एचएस कोड, वजन, किंमत, सगळं जागच्या जागी. मी अडलो एकाच शब्दावर. रेशीम.

हिमरू म्हणजे किनखाबाची स्वस्त बहीण. ताणा सुती, वरची नक्षी रेशमाची. पाहणाऱ्याला रेशीमच वाटावं, ही त्या विणकरांची करामत. माणसं फसतात, तर फोटो बघून अंदाज करणारं यंत्र का फसू नये? शिवाय हिच्याच दुकानाच्या पानावर ठळक अक्षरांत 'सिल्क शाल' लिहिलेलं. यंत्राने तेच उचललं.

शाली-स्कार्फचा कोड ६२१४. त्यात रेशमाच्या शालीला ६२१४.१०, लोकरीच्या शालीला ६२१४.२०, सुतीला वेगळं घरच नाही, ती ६२१४.९० मध्ये, 'इतर' म्हणून. धागे मिश्र असतील तर ज्याचं वजन सर्वांत जास्त, त्याचं ते कापड धरायचं. आता वजन फोटोत कसं दिसणार? तिने तिथूनच कारागीर चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "बेटा, सूत जास्त आहे. आणि वरचं रेशीम तरी कुठे राहिलंय, आर्ट सिल्क आहे ते." तीन वर्षं ती हा माल विकतेय. हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

या यंत्रांवर माझा राग नाही. उलट उशिरा आली असं वाटतं. निर्यातीसाठी लागणारा आयईसी ५०० रुपयांत घरबसल्या मिळतो, पोस्टाने डाकघर निर्यात केंद्रं काढली, पण उर्दू शाळेत शिकलेली मुलगी त्या फॉर्मच्या भाषेपाशीच थबकायची. त्यात २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी बंद केली. पूर्वी साध्या वर्णनावर निघून जायची अशी पार्सलंसुद्धा आता कोड, मूळ देश आणि किंमत नीट मागतात. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी माणसं आहेत. हिच्याकडे मोबाइल आहे. तो तिने जरूर वापरावा.

पण फॉर्मच्या खाली मजकूर खरा असल्याचं निवेदन असतं आणि त्यावर सही पाठवणाऱ्याची. पोस्टाच्या सीएन २२ फॉर्मवर 'भेटवस्तू' आणि 'विक्रीचा माल' असे वेगळे चौकोन असतात. तिच्या आखातातल्या मामूंनी सल्ला दिलेला, "गिफ्टवर टिक कर, किंमत कमी टाक, सगळेच करतात." यंत्राला जी किंमत द्याल ती ते सुबक अक्षरांत मांडून देईल. खोटं बोलल्याचा बोजा त्याला नाही.

मराठीत जकात म्हणजे मालावरचा कर. आपल्या घरात जकात म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. दोन्ही अर्थ शिकवताना वर्गात नेहमी हशा पिकतो. आता वाटतं, दोन्हींत एक साम्य आहेच. अडीच टक्क्यांचा हिशोब मोबाइल क्षणात करतो. कपाटातलं कुठलं सोनं मोजायचं, हे मात्र आपण सांगतो. बघायला कुणी येत नाही.

मामूंचं काय करायचं, हे मी तिच्यावर सोडलं. घरच्या वडीलधाऱ्यांना नाही म्हणणं आपल्याकडे किती अवघड, ते मलाही ठाऊक आहे.

रात्री तिचा मेसेज आला. विक्रीच्या चौकोनावर टिक केली होती, किंमत खरी टाकली होती, वर्णन चाचांनी सांगितल्याप्रमाणे बदललं होतं. दुकानाच्या पानावरचा 'सिल्क' शब्दही काढला होता. मग त्या अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला सगळं कळवून, हवे तर पैसे परत देते, असं लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. शाल तिच्या घरीच आहे.