मुलासाठी स्थळ पाहणे

ग्वाल्हेरच्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. त्यांनी व त्यांच्या यजमानांनी दत्तक मुलासाठी सरकारी नोंदणी केली त्याला साडेतीन वर्षे झाली. घराची पाहणी झाली, कागदपत्रे पुरी झाली, पण मूल अद्याप घरी आलेले नाही. त्या लिहितात, "आमच्या घरापासून फर्लांगभर अंतरावर बालगृह आहे. संध्याकाळी तिथली मुले रांगेने मैदानावर जाताना गच्चीवरून दिसतात. इकडे घर रिकामे आणि तिकडे ती इमारत भरलेली, हे कोडे कुणी उलगडून सांगेल काय?"

कोडे खरे आहे आणि ते अनेक घरांत पडलेले आहे. दत्तकासाठी नाव नोंदवून हजारो दांपत्ये देशभर वाट पाहत आहेत. सन २०२४-२५ या वर्षात सगळ्या देशात मिळून ४,५१५ दत्तकविधाने झाली, आणि एवढ्या मोठ्या देशात हा आकडा अलीकडच्या काळातील उच्चांक मानला गेला! मग बालगृहांतली मुले जातात कुठे? कुठेच जात नाहीत. तिथेच मोठी होतात आणि अठरावे वर्ष संपले की ट्रंक उचलून फाटकाबाहेर पडतात.

यातला कायद्याचा भाग आधी सांगून टाकू. बालगृहात राहणारे प्रत्येक मूल दत्तक देण्याजोगे नसते. मूल अनाथ किंवा टाकून दिलेले असले, तर बाल कल्याण समिती आधी त्याच्या आईबापांचा शोध घेते. दोन वर्षांच्या आतील मूल असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मुक्त आहे की नाही, याचा निर्णय व्हावा, असे २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो. आईने स्वतःहून मूल स्वाधीन केले, तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. हे सोपस्कार पुरे झालेली तान्ही मुले थोडी आणि मागणारे फार. उरलेल्या पुष्कळशा मुलांचे आईबाप कुठेतरी हयात असतात. कुणी तुरुंगात, कुणी आजारी, कुणी वर्षानुवर्षे भेटीलाच न आलेले. अशा मुलाला दत्तक देता येत नाही, पण घर देता येते. त्यासाठी कायद्यात प्रतिपालनाची सोय आहे: मूल नात्याबाहेरच्या कुटुंबात वाढते, त्याचे नाव-गाव तेच राहते, समिती वेळोवेळी आढावा घेते आणि संगोपनासाठी दरमहा चार हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. सहा वर्षांवरील मुलांसाठी ही व्यवस्था विशेषेकरून आहे. २०२४ च्या मार्गदर्शक सूत्रांनी तर अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही तिचे दार उघडले, आणि मूल पुढे दत्तकासाठी मुक्त झाले तर दोन वर्षे सांभाळणाऱ्या कुटुंबाला ते दत्तक घेण्याची वाटही ठेवली.

म्हणजे सोय आहे, पैसा थोडाबहुत आहे, मुले आहेत. नाहीत ती घरे. ती का नाहीत आणि कशी मिळवावीत, हाच या लेखाचा विषय.

आमच्या समाजाला दत्तक नवे नाही. या मासिकाचे निम्मे वाचक ज्या शहरांत राहतात, त्या शहरांचा इतिहासच दत्तकविधानांनी लिहिलेला आहे. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे १८४३ मध्ये गादीवर दत्तक आले, ते सुमारे आठ वर्षांचे होते. आमच्या बडोद्यात १८७५ च्या मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला, तो बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. तोच पुढे सयाजीराव महाराज झाला आणि १९०६ साली त्याने आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. वाचकांनी या वयांकडे जरा लक्ष द्यावे. आमचे सर्वांत गाजलेले दत्तक पुत्र पाळण्यातले नव्हते. आठ वर्षांचा आणि बारा वर्षांचा मुलगा गादीसाठी चालला, मग घरासाठी का चालू नये? आज मात्र मागणीपत्रात प्रथम अट असते ती दोन वर्षांच्या आतील मुलाची. "मोठे मूल आपल्याला लागत नाही हो," असे म्हणणारे गृहस्थ सयाजीबागेत महाराजांच्या पुतळ्यासमोरच फिरायला येतात!

अर्थात जुना दत्तक हा मुलासाठी नव्हता, तो गादीसाठी होता, वतनासाठी होता, पिंडासाठी होता. तो भाऊबंदांतला लागे आणि मुलगाच लागे. मुलीला दत्तक घेण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याने दिला. निराळी वाट दाखवली ती जोतीराव आणि सावित्रीबाईंनी. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा आपलाच केला. तोच यशवंत. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या तेव्हा दवाखाना चालवायला तोच होता. तिथे गादी नव्हती, भाऊबंदकी नव्हती. मूल होते म्हणून घर मिळाले.

आता स्वतःविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. आठ वर्षांपूर्वी आमच्या शाळेत जवळच्या बालगृहातील काही मुले येत असत. त्यांच्यातला एक चौथीतला मुलगा होता. ओळख पटू नये म्हणून त्याचे तपशील आम्ही इथे बदलले आहेत, आणि बदलणे कायद्यानेही आवश्यक आहे. वर्गात तो पाणी प्यायचीही परवानगी मागे, मधल्या सुट्टीतसुद्धा. पोषण आहारातली अर्धी पोळी खिशात ठेवी. जिल्हा बाल संरक्षण कार्यालयातील एका तरुण बाईंनी आम्हांस विचारले, "सर, तुमचा मराठी समाज मोठा आहे. कुणी कुटुंब तयार होईल का?"

आम्ही उत्साहाने होकार दिला. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी व्याख्यान ठेवले. आम्ही मराठीचे एम. ए. शब्दांची उणीव नव्हती. दया, करुणा, पुण्य, समाजऋण, सर्व काही आले. टाळ्याही पडल्या. शेवटी इच्छुकांनी नावे द्यावीत म्हणून वही फिरवली, ती कोरी परत आली. एका गृहस्थांनी मात्र बालगृहासाठी दोन चादरी देण्याचे जाहीर केले.

घरी परतताना दांडिया बाजारच्या वळणावर आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "अहो, एवढे सांगितलेत. मग आपल्या घरी का नको?" आम्ही गप्प झालो. आई अंथरुणाला खिळलेली होती, बदलीचा हुकूम केव्हाही येणार होता, धाकटीची बारावी होती. प्रत्येक कारण खरे होते. त्या रात्री झोप लागली नाही, आणि पहाटे एक गोष्ट ध्यानात आली की समोर बसलेल्या सत्तर-ऐंशी माणसांजवळही अशीच खरी कारणे होती. आम्ही त्यांच्यापैकी एकाही कारणाला हात घातला नव्हता. आम्ही फक्त त्यांना चांगले व्हा म्हणून सांगितले होते, आणि तेवढ्यासाठी घरात मूल आणणारा माणूस आम्ही तरी अजून पाहिलेला नाही.

चूक कुठे झाली ते याच मासिकाच्या वधू-वर पानाने शिकवले. मुलीसाठी स्थळ पाहताना कुणी सभेत उभे राहून "जगात उपवर मुली पुष्कळ आहेत, कुणीतरी पुढे या" असे म्हणतो काय? आपण एका मुलीविषयी एका घराशी बोलतो. तिला काय आवडते, तिचा स्वभाव कसा, त्या घरात सासू कशी, जागा किती, हे सारे मध्यस्थाला ठाऊक असते, आणि मध्यस्थ हा दोन्हीकडे चहा प्यालेला असतो. या कामातील अनुभवी कार्यकर्त्यांचे सांगणे देश-परदेशांत असेच आहे: घाऊक आवाहनाने सहानुभूती मिळते, आणि घर मिळते ते एका विशिष्ट मुलासाठी विशिष्ट माणसांत शोध घेतल्यावर. अगोदरच मुलाला ओळखणारी माणसे, म्हणजे शिक्षक, दवाखान्यातली परिचारिका, शिवण शिकवणाऱ्या बाई, यांच्यापासून तो शोध सुरू करावा. मात्र एक भेद विसरू नये. वधूची माहिती छापता येते, या मुलाची येत नाही. नाव, छायाचित्र, शाळा यांपैकी काहीही प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. म्हणून हे काम छापील पानावर होत नाही. ते अधिकाऱ्यांच्या संमतीने, ओटीवर बसूनच करावे लागते.

दुसऱ्या खेपेस आम्ही व्याख्यान दिले नाही. कार्यालयातील त्या बाईंना घेऊन चार घरी गेलो. तीन घरी नकार मिळाला, आणि तिन्ही नकार आदराचे होते. चौथे घर छापखान्यातून लवकर निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे. मुलगी लग्न होऊन सुरतेला गेलेली. गृहस्थ पैशांचे, कागदांचे विचारत होते. त्यांच्या पत्नी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गुरुजी, तो शाळेतून आल्यावर काय खातो?"

आम्हांस ठाऊक नव्हते! दुसऱ्या दिवशी त्या मुलालाच विचारले. तो म्हणाला, "घंटा झाली की जे असेल ते." पुष्कळ खोदून विचारल्यावर कळले की एकदा कुणीतरी शेवउसळ दिली होती, ती त्याला आवडली होती. हा निरोप आम्ही त्या बाईंना पोचवला. आमच्या तासाभराच्या व्याख्यानाने जे झाले नाही ते या निरोपाने झाले.

पुढे पाच महिने गेले. घराची पाहणी, आरोग्य तपासणी, पोलिसांकडील दाखला, शेजाऱ्यांकडे चौकशी, समितीचा आदेश. यांतील प्रत्येक गोष्ट आवश्यक आहे. मूल कुणाच्या हाती द्यायचे ते डोळे मिटून ठरवता येत नाही. पण मधले सहा आठवडे एका कार्यालयातून पत्राला उत्तरच आले नाही, आणि त्या काळात हे घर जवळजवळ हातचे गेले होते. पहिली चौकशी आणि पहिले उत्तर यांच्यात जितके दिवस जातात तितकी घरे गळतात. आठवड्याच्या आत दूरध्वनी करून "तुमचा कागद अमुक टेबलावर आहे" एवढे सांगणारा एक माणूस नेमला, तर दहा भित्तिपत्रकांपेक्षा अधिक काम होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुलगा आला. पहिला महिना पाहुण्यासारखा गेला. दुसऱ्या महिन्यात देव्हाऱ्यातले पैसे गेले, खोटे बोलणे झाले, आणि एका दुपारी त्या बाई शाळेत येऊन आमच्यासमोर रडल्या. "परत नेऊन ठेवा म्हणावे. माझ्याने होत नाही." आम्ही काय सांगणार? आम्हांस व्याकरण येते. सुदैवाने तरसाली भागातील एका गुजराती कुटुंबाने अशाच वयाची मुलगी सांभाळली होती. त्या घरच्या बेन स्वतः आल्या, स्वयंपाकघरात बसल्या आणि म्हणाल्या की आमच्या मुलीनेही हेच केले होते. आपल्याला हाकलतात की ठेवतात हे ती पाहत होती. दर शनिवारी त्या येत राहिल्या. मुलगा राहिला. नवी कुटुंबे शोधणारे लोक एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष करतात: मिळालेले घर टिकले नाही, तर त्या गल्लीत पुढची वीस वर्षे दुसरे मिळत नाही. मोडलेल्या सोयरिकीसारखीच ती बातमीही पसरते.

असो. ग्वाल्हेरच्या भगिनीस आमचे सांगणे इतकेच. रांग सोडू नये. पण रांगेतील कुणी न स्वीकारलेल्या मुलांची, म्हणजे मोठ्या वयाच्या व विशेष गरजा असलेल्या मुलांची, सरकारी संकेतस्थळावर वेगळी यादी असते आणि तिथे इतका काळ थांबावे लागत नाही, ती एकदा यजमानांसह पाहावी. गच्चीवरून दिसणाऱ्या मुलांची चौकशी थेट बालगृहाच्या फाटकावर न करता जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांकडे करावी. १०९८ या क्रमांकावरही त्यांचा पत्ता मिळेल. आणि "एका नर्सिंग होममधून व्यवस्था होते" असे कुणी कानात सांगितले, तर तिथून उठून यावे. कायद्याची रीत सोडून मूल देणे किंवा घेणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा अपराध आहे.

तो मुलगा आता बारावीला आहे. त्याची आई हयात आहे, तिच्यावर उपचार चालू आहेत, आणि वर्षातून दोनदा हे दांपत्य त्याला तिच्या भेटीस घेऊन जाते. त्यांना तो काका-काकू म्हणतो. काकूंच्या ओटीवरच्या बोलण्यातून अशी आणखी दोन घरे तयार झाली, आमच्या बोलण्यातून आजवर एकही नाही. बोर्डाच्या परीक्षेचे आवेदनपत्र त्याने गेल्या आठवड्यात आम्हांस दाखवायला आणले. आईच्या नावाच्या रकान्यात त्याने आईचे नाव लिहिले होते. पालकाच्या सहीच्या जागी काकूंची सही होती, मराठीत, जरा रेघेच्या वर गेलेली. "चालेल ना, सर?" त्याने विचारले. आम्ही शाळेचा शिक्का मारला.