बघून काढा, खुशाल काढा!

चाळीस वर्षं चित्रकला शिकवली. ‘बघून काढू नका’ म्हणून मीही पोरांवर ओरडलो; आता लाज वाटते.

१६७९ साली चीनमधल्या नानजिंगला ‘मोहरीदाणा बाग’ ही चित्रपोथी लाकडी ठशांनी छापली गेली. चित्रकार वांग गाई याने तीत डोंगर, झाडं, खडक सुटे करून दाखवले: आधी नुसती फांदी, मग पानं. (आमच्या वेळी सर थेट ‘निसर्गचित्र काढा’ म्हणायचे!) दोनशे वर्षांनी हूनानच्या छी बाइशी या तरुण सुताराला ती गिऱ्हाइकाच्या घरी दिसली, तीही अर्धवट. उसनी आणून त्याने रात्री दिव्याच्या उजेडात पानन् पान उतरवलं. पुढे त्याच्या कोळंबीच्या चित्रांनी साऱ्या चीनला वेड लावलं.

शिक्षकांनो, पोरांच्या हातचा ट्रेसिंग पेपर तेवढा हिसकावू नका.