पडणाऱ्याची जात आणि रेलिंगचं लोखंड

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की उरला आणि सिलतरा हे औद्योगिक पट्टे लागतात. स्पंज आयर्नचे कारखाने, फर्नेस, रोलिंग मिल. इथून अँगल, चॅनल, पाइप, सळ्या देशभर जातात. रेलिंग करायला हेच लोखंड लागतं. आणि इथल्याच कारखान्यांत कामगार रेलिंग नसलेल्या प्लॅटफॉर्मवर, हललेल्या ग्रेटिंगवर, कुजलेल्या पत्र्यावर उभा राहून काम करतो. ज्या मालकाच्या यार्डात लोखंडाचे ढीग पडलेत, त्याला चार पाइप वेल्ड करून कठडा उभारणं परवडत नाही, हे मला कुणी पटवून द्यावं.

सप्टेंबर 2025 मध्ये सिलतऱ्यातल्या एका पोलाद कारखान्यात ढाचा कोसळून 6 कामगार ठार झाले. पुढच्याच महिन्यात सक्ती जिल्ह्यातल्या वीज प्रकल्पात लिफ्ट कोसळली, त्यात 4 जण गेले. या मोठ्या बातम्या होत्या, म्हणून आपल्यापर्यंत आल्या. एकटा हेल्पर शेडवरून पडतो तेव्हा स्थानिक पेपरात चार ओळी येतात आणि त्यातली एक ठरलेली असते: कामगाराने सेफ्टी बेल्ट लावला नव्हता. मेलेल्या माणसावरचं हे आरोपपत्र असतं. त्याला उत्तर द्यायला तो नसतो.

माझ्या पीएच.डी.च्या कामासाठी मी या पट्ट्यातल्या ठेका कामगारांशी दोन वर्षांपासून बोलते आहे. बेल्टबद्दल विचारलं की ते उलट मलाच विचारतात, "मॅडम, हुक अडकवायचा कुठं?" या एका प्रश्नात सगळं शास्त्र आहे. बेल्टला बांधायला वर मजबूत आधार किंवा लाइफलाइन हवी. पाठीमागची दोरी साधारण पावणेदोन-दोन मीटरची असते. झटका शोषणारा भाग उघडला की ती आणखी मीटरभर लांबते, त्यात माणसाची उंची. म्हणजे पायाशी हुक अडकवून चार मीटरवर काम करणारा माणूस बेल्ट लावूनही जमिनीवर आपटतो. आणि उंचावर बेल्ट पकडतोच, तेव्हा लटकलेल्या माणसाला लवकर खाली घ्यावं लागतं; पट्टे रुतून रक्त पायांत साकळलं तर तो लटकल्या जागीच दगावू शकतो. खाली कसं घेणार, याची तयारी किती कारखान्यांत आहे? सहा मीटरवरून पडणारा माणूस ताशी सुमारे 39 किलोमीटरच्या वेगानं जमिनीला भिडतो. सगळं मिळून सव्वा सेकंदही लागत नाही. सावध राहायला सांगणाऱ्यांनी या सव्वा सेकंदात सावध होऊन दाखवावं.

जगभर उंचीवरच्या कामाचा क्रम ठरलेला आहे. ब्रिटनच्या 2005च्या नियमांत तो स्पष्ट लिहिला आहे. जे काम जमिनीवर करता येतं ते वर करू नका. वर जावंच लागलं तर पडणंच शक्य होऊ नये अशी जागा करा: कमरेच्या वर कठडा, मधला आडवा पाइप, खाली टो-गार्ड, भोकांवर पक्की झाकणं. तेही जमलं नाही तर पडणाऱ्याला झेलणारी जाळी, आणि मग बेल्ट. सगळ्यांना वाचवणारी सोय आधी, एकेकट्याच्या अंगावरची नंतर. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो, कारण कठडा मालकाच्या खर्चात जातो आणि बेल्ट कामगाराच्या जबाबदारीत. कठडा नसला तर मालक दोषी ठरतो. बेल्ट नसला तर मेलेला दोषी ठरतो.

आता वर कोण चढतं ते पाहू. गेटच्या आत तीन थर असतात: कंपनीचे कायम कामगार, मोठ्या ठेकेदाराची माणसं आणि त्या ठेकेदारानं कुणा पेटी ठेकेदाराकडून आणलेली माणसं. कंट्रोल रूम पहिल्या थराकडे. बंकरची साफसफाई, कन्व्हेयरच्या गॅलरीची दुरुस्ती, शेडचे पत्रे बदलणं ही कामं शेवटच्या थराकडे. मला भेटलेल्या या शेवटच्या थरात सतनामी होते, गोंड होते, भूमिहीन ओबीसी होते, बिहार-झारखंड-ओडिशातून आलेले दलित-आदिवासी होते. एसी केबिनमधल्या पाट्यांवरची आडनावं मी मुद्दाम वहीत उतरवली. ती यादी आणि ही यादी एकमेकींत कुठंच मिसळत नव्हती.

"हा वर्गाचा प्रश्न आहे, यात जात कशाला?" असं आमच्या विभागातले पुरोगामी मित्र विचारतात. त्यांनी बाबासाहेबांचं 1938चं मनमाडचं भाषण वाचावं. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दरवाजे अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा जोडताना थुंकी लावावी लागे. पगार जास्त असलेलं खातं विटाळाच्या नावानं राखून ठेवलं गेलं. कारखान्यात शिरताना जात गेटवर ठेवली जात नाही, ती कामाच्या वाटपात उतरते. तेव्हा तिनं आपल्याला चांगल्या खात्याबाहेर ठेवलं, आज तीच आपल्याला कठडा नसलेल्या प्लॅटफॉर्मवर चढवते. गटारात कोण उतरतो हे आपण आता निदान विचारायला शिकलो आहोत. शेडवर कोण चढतो, हेही विचारायला हवं.

छत्तीसगडला हे नवं नाही. शंकर गुहा नियोगी भिलाईच्या ठेका कामगारांना कायम करा म्हणत होते. 28 सप्टेंबर 1991 ला त्यांना झोपेत गोळी घातली गेली. पुढच्या वर्षी 1 जुलैला भिलाईत रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. 2009च्या 23 सप्टेंबरला कोरब्यात बांधकाम चालू असलेली चिमणी कोसळून किमान 40 कामगार दबले. प्रकल्प बाल्कोचा, ठेका चीनच्या सेपकोचा, चिमणीचं काम गॅनन डंकर्लीचं. जबाबदारी अशी हातोहात खाली सरकत जाते. मरण मात्र थेट पोचतं.

कायदा काय म्हणतो? 1948च्या कारखाने कायद्याच्या कलम 32 प्रमाणे, जिथून माणूस पडू शकतो तिथं कुंपण घालून किंवा अन्य प्रकारे त्याची सुरक्षा करणं बंधनकारक होतं. फक्त 'वाजवीपणे शक्य असेल तेवढं' ही पळवाट ठेवली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेनं घेतली. ठेका कामगारांच्या तरतुदी पूर्वी 20 कामगारांपासून लागू होत, आता 50 पासून. विजेवर चालणारा कारखाना 10 कामगारांवर 'कारखाना' ठरत असे, आता 20 वर. निरीक्षकाच्या नावाला 'सुविधाकार' जोडलं आहे. सुविधा कुणाची, हे सांगायला नको. ठेकेदार 49 माणसं दाखवेल आणि पन्नासावा दुसऱ्याच्या नावावर चढवेल.

आता तुमच्याशी बोलते, कारण हा स्तंभ वाचणारे बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. बापानं हमाली केली, आईनं निंदण-खुरपण केलं, आणि आपण बी.ए., बी.एस्सी., बी.ई. झालो. सरकारी भरती निघत नाही म्हणून आपल्यातले कितीतरी जण फायर अँड सेफ्टीचा डिप्लोमा करतात आणि अशाच पट्ट्यात सेफ्टी सुपरवायझर, साइट इंजिनिअर, एचआर असिस्टंट म्हणून लागतात. वर्क परमिटवर सही तुमची असते. अपघाताच्या अहवालात 'कारण' या रकान्यापुढे लिहिणारा पेनही तुमच्याच हातात दिला जातो, आणि काय लिहायचं ते वरून फोनवर सांगितलं जातं.

म्हणून हे माहीत असू द्या. 1923च्या भरपाई कायद्यात कामगारानं सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला हा मालकाचा बचाव मृत्यूच्या प्रकरणात चालतच नव्हता. मृत्यू झाला की भरपाई द्यावीच लागे, आणि ठेकेदाराच्या माणसासाठीही मुख्य मालक जबाबदार असे. ही तत्त्वं नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. मग अहवालात 'निष्काळजीपणा' लिहून घ्यायची एवढी घाई कशासाठी? फौजदारी खटल्यातून मालकाला सोडवण्यासाठी, आणि गेटबाहेर प्रेत घेऊन बसलेल्या कुटुंबाला कमी पैशात उठवण्यासाठी. तुमचा तो एक शब्द विधवेच्या हक्काची रक्कम उपकाराच्या रकमेत बदलतो.

नोकरी सोडा, असं मी म्हणत नाही. आपल्या घरांना ते परवडत नाही हे मला सांगायची गरज नाही. पण कारणाच्या रकान्यात दिसलं ते लिहा: कठडा नव्हता, ग्रेटिंग सैल होती, हुक अडकवायला जागा नव्हती, काम कुणाच्या सांगण्यावरून सुरू झालं. परमिटवर सही करण्याआधी वर चढून पाहा. फोटो काढा, तारखेनिशी ईमेल करा, प्रत स्वतःकडे ठेवा. एकट्यानं भीती वाटत असेल तर त्या पट्ट्यातल्या आपल्या पोरांचा गट करा. रायपूर, भिलाई, बुटीबोरी, चाकण, सगळीकडे आपली पोरं याच खुर्चीत बसली आहेत. आणि सरकारकडे आपली मागणी असली पाहिजे की अपघातात मेलेल्याचा सामाजिक प्रवर्ग आणि ठेक्याचा थर नोंदवा, आकडे जाहीर करा. जातिगणनेची मागणी कारखान्याच्या गेटवर थांबता कामा नये.

रायपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला डॉ. भीमराव आंबेडकर यांचं नाव आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात 1942 ते 1946 मजूर खातं सांभाळलेल्या माणसाचं ते नाव आहे. त्या नावाखाली शवविच्छेदनासाठी येणारा पुढचा हेल्पर कशानं मेला, ते कागदावर आपल्यापैकीच कुणीतरी लिहिणार आहे. जय भीम.