हसू कुणाचे, चिमटा कुणाला?

दिवाळीच्या सुट्टीत घरोघर जुने चित्रपट पाहिले जातात. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारी मंडळी पोट धरधरून हसतात आणि "काय गमतीदार होता!" म्हणत चकलीचा डबा पुढे ओढतात. मी पडलो मराठीचा मास्तर! माझ्या मनात येते, या हशात एक बारीकसा चिमटा होता, तो कुणाला जाणवला का?

मास्टर विनायक यांचा, आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला 'ब्रह्मचारी' (१९३८) घ्या. एक व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेणारा औदुंबर पाहताच कळते, की इथे कोरड्या आदर्शाची टोपी उडवली आहे. हा उपहास ओळखणे सोपे. कारण हसण्याजोगा माणूस समोर आहे आणि तो आपण नव्हे!

राजा ठाकुरांचा 'मुंबईचा जावई' (१९७०) त्याहून अवघड. तिथे टोपी उडवावी असा कुणीच नाही. घरची माणसे प्रेमळ. पण मुंबईच्या त्या चिमुकल्या बिऱ्हाडात नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायला कोपरा नाही. बासू चटर्जींनी १९७२ साली त्याचाच हिंदीत 'पिया का घर' केला. म्हणजे दुखणे एकट्या मराठी माणसाचे नव्हते. दोष कुणाचाच नाही आणि तरी संसार अवघडलेला, असे दिसले की समजावे, इथे उपहास आहे. तो माणसांचा नव्हे, 'चालायचंच' म्हणण्याच्या आपल्या सवयीचा.

हा चित्रपट येण्याच्या आदल्याच वर्षी आमच्या तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरला कारखाने उभे राहिले, २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली आणि मुंबईत जागा न परवडणारी कितीतरी कुटुंबे पालघर-बोईसरकडे सरकली. कोपरा मिळाला, दाराला कडीही आली. पण पहाटेची गाडी धरणारा नवरा आणि रात्री उशिरा परतणारी बायको यांना त्या कडीआड बोलायला वेळ कुठे आहे? वर्गात 'मुंबईचा जावई'ची गोष्ट सांगितली की मुले खदखदून हसतात. त्यांतल्या काहींच्या वडिलांना ती जागी अशी रविवारीच भेटतात!

तेव्हा वाचकहो, यंदा खुशाल हसा. मात्र हसता हसता घरातली एखादी काकू किंवा सून मध्येच गप्प झाली, तर चित्रपट तिला कळला असे समजा. फराळाचे ताट बाजूला ठेवून तिला दोन शब्द विचारा.