तुलना कोणाशी केली?

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या बहुधा सावकाश वाढणाऱ्या रक्तकर्करोगावर नवं औषध ‘यशस्वी’ ठरल्याची बातमी आली, की पहिला प्रश्न विचारावा: तुलनेच्या गटाला काय दिलं होतं? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेझोनेट-2 चाचणीत आधी उपचार न घेतलेले, 65 किंवा अधिक वयाचे 269 रुग्ण होते. निम्म्यांना इब्रुटिनिबच्या गोळ्या मिळाल्या, उरलेल्यांना क्लोरॅम्ब्युसिल. इब्रुटिनिब कितीतरी सरस ठरलं. पण क्लोरॅम्ब्युसिल हे 1950च्या दशकातलं औषध, आणि त्याच्या जोडीला अँटिबॉडी दिलेली बरी, हे सीएलएल-11 चाचणीने 2014 मध्येच दाखवलं होतं. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरवून औषध किती चांगलं, हे पुरतं कळत नाही.

यावर तज्ज्ञ म्हणतील, वृद्धांना जोरकस केमोथेरपी झेपत नाही आणि चाचणी आखली तेव्हा त्यांच्यासाठी क्लोरॅम्ब्युसिल हेच मान्य औषध होतं. हे खरंच आहे. म्हणून तर 2018 ची अमेरिकेतली अलायन्स चाचणी मोलाची वाटते. तिने इब्रुटिनिबला बेंडामुस्टिन ही केमोथेरपी आणि रिटुक्सिमॅब ही अँटिबॉडी यांच्या जोडीसमोर उभं केलं. आजार न बळावता दोन वर्षं काढणारे इब्रुटिनिबच्या गटात 87 टक्के निघाले, केमोथेरपीच्या गटात 74. विजय खराच, पण अंतर आटोपशीर. एकूण आयुर्मानात तर तेव्हा फरक दिसलाच नाही. केमोथेरपीवर आजार बळावलेल्यांना पुढे इब्रुटिनिब घेण्याची मुभा होती, हेही इथे ध्यानात घ्यायला हवं. शिवाय ही गोळी रोज, वर्षानुवर्षं घ्यायची, आणि तिने काहींच्या हृदयाची लय बिघडते. निकालाचा अर्थ असा तुलनेवर ठरतो, म्हणून चाचणीत सामील होणाऱ्याच्या संमतिपत्रात तुलनेचं औषध का निवडलं, हे त्याला कळेल अशा भाषेत लिहिलंच पाहिजे.